गाडी अडखळते ती माझ्यामुळे

मी एक जुना प्रोसेसर बोलतोय. कळंब्यातल्या एका घरात, टेबलाखालच्या डब्यात, पंख्याच्या पोटाशी मी बसलेलो असतो. आकारानं बिस्किटाएवढा, पण संगणकातली सगळी आकडेमोड माझ्याकडे. घरची लेक पूर्णिमा कॉलेजात असताना तिनं मला घरी आणलं, त्याला नऊ वर्षं झाली. तिचे प्रोजेक्ट, नोकरीचे अर्ज, सगळं माझ्याच हातून गेलं. कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली नवीन ग्राफिक्स कार्ड आल्यावर.

ते आलं पूर्णिमाच्या वडिलांसाठी. त्यांचं नाव हंबीरराव, पण घरात आण्णा. एकतीस वर्षं त्यांनी कोल्हापूर-गारगोटी एसटी चालवली. निवृत्त झाले आणि वर्षभरात अर्धांगवायूनं डावा हात लुळा पडला. पुढं तो थोडाथोडा हलायला लागला, पण गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आण्णा खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे गिअर ऐकत राहायचे. पूर्णिमाला ते बघवेना. तिनं बस चालवायचा गेम घेतला, टेबलाला लावायचं स्टेअरिंग आणलं आणि चित्र स्वच्छ दिसावं म्हणून हे कार्ड.

पहिल्या दिवशी आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. गेममधलं गाव परदेशातलं, पण मोकळ्या रस्त्यावर गाडी झकास पळाली. बाजारात शिरली आणि अडखळायला लागली. वळणावर चित्र थबकायचं, मग एकदम पुढं उडी मारायचं. बस फुटपाथवर चढली.

"माझा हातच थरथरतोय गं," आण्णा म्हणाले. "संपलं आता."

"न्हाय हो आण्णा, मशीनचं कायतरी हाय. मी बघतो की," पूर्णिमा कोल्हापुरी ढंगात म्हणाली.

आण्णांनी ऐकलं नाही. स्टेअरिंगवर टॉवेल टाकला. दोन दिवस हाताचा व्यायामही केला नाही.

मला काही उमजेना. मी तर जीव तोडून पळत होतो. नवं कार्ड मात्र निवांत बसलेलं. "तू दमत कसं नाहीस?" मी विचारलं. ते म्हणालं, "पुढं काय काढायचं ते तू सांगशील तेव्हा मी चित्र काढणार ना!"

म्हणजे चूक माझी? आणि भोगतोय आण्णांचा हात? हे मी सांगू तरी कुणाला?

पूर्णिमानं चित्राचा दर्जा उतरवला. कार्डाचं काम आणखी कमी झालं, माझं होतं तेवढंच राहिलं. शेवटी तिनं संगणक दुरुस्त करणाऱ्या जोतीरामला बोलावलं.

"कार्ड झ्याक हाय," तो म्हणाला. "जुना प्रोसेसर पुरा पडंना झालाय. रस्त्यावरची सगळी माणसं, गाड्या ह्योच हलवतोय."

त्यानं रस्त्यावरची गर्दी कमी केली. सेकंदाला किती चित्रं काढायची, त्याला लगाम घातला. वर चित्राचा दर्जा वाढवला. मी घाबरलो, आता मेलोच! पण तो भार पडला कार्डावर, आणि गर्दी कमी झाल्यानं मला चक्क हलकं वाटायला लागलं.

पूर्णिमानं आण्णांना हाताला धरून बसवलं. बस एका वळणानं गेली, दुसऱ्या वळणानं गेली, कुठं अडखळली नाही. आण्णा आपल्या डाव्या हाताकडं बघत राहिले.

"म्हंजे माझा हात न्हवता व्हय?"

"न्हवता, आण्णा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, झालं, सुटलो. पण थांब्यावर त्यांनी दार उघडलं आणि कुणीच चढलं नाही. पुढच्या थांब्यावरही तेच.

"पोरी, माणसं कुठं गेली?"

"कमी केल्यात. न्हायतर गाडी अडखळती."

"रिकामी गाडी घिऊन कुठं जाऊ? घाल माणसं परत."

"अडखळंल की, आण्णा!"

"अडखळू दे. हात माझा न्हाय, एवढं कळलं. बास झालं."

माणसं परत आली. आता रोज सकाळी मी पुन्हा अडखळतो आणि आण्णा चक्क हसतात. बाजार आला की वेग कमी करतात. तो माझ्यासाठी की माणसांसाठी, काही कळत नाही.

दिवाळीत माझ्या जागी नवा प्रोसेसर येणार, असं पूर्णिमा बोलताना ऐकलंय. आणा जरूर, मला राग नाही. फक्त त्याला एवढं सांगा, की तिसऱ्या थांब्यावर काठी टेकत एक म्हातारी चढते. ती नीट बसेपर्यंत आण्णा गाडी हलवत नाहीत. तेव्हा तूही घाई करू नकोस.