लपायच्या जागा

मोस्यू लाबोर्द आले तेव्हा शाळेत राजाचा केक कापणं चाललं होतं. हा केक जानेवारीच्या सुरुवातीला खायचा असतो, पण बेकरीची गाडी बर्फामुळे आमच्या पठारावर चढलीच नव्हती. त्यामुळे आमच्या ला व्हेर्नाद गावात सण महिनाअखेरीला उजाडला. रीतीप्रमाणे सगळ्यांत धाकटा गास्पार टेबलाखाली बसला होता. मी एकेका तुकड्यावर सुरी ठेवून विचारायची, "हा कुणाचा?" आणि त्याने वर न बघता नाव सांगायचं.

"हा त्या ओल्या बुटांच्या काकांचा," टेबलाखालून आवाज आला.

जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीतल्या त्या साहेबांना बसायला दुसरी खुर्ची नव्हती. पोरांच्या बुटक्या खुर्चीत ते गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि केकमध्ये लपवलेली चिनी मातीची बी नेमकी त्यांच्याच दाताखाली आली. आठ वर्षांच्या निनोंने लगेच सोनेरी कागदाचा मुकुट त्यांच्या टकलावर चढवला.

"बी तुम्हाला मिळाली, आता तुम्ही राजे," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत काढायचा नाही हं."

मुलं बाहेर खेळायला गेली. मुकुट तसाच डोक्यावर ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "मादाम मेयर, मी कशासाठी आलोय ते तुम्हाला माहीत आहेच."

माहीत होतंच; मी या गावची मेयर, म्हणजे गावप्रमुख. दर हिवाळ्यात जिल्ह्याच्या कचेरीत एक नकाशा पसरतात आणि कुठला वर्ग ठेवायचा, कुठला उचलायचा ते ठरवतात. आमच्या शाळेत वर्ग एकच. तो उचलला की शाळाच उचलली.

"पॅरिसनं शब्द दिलाय," लाबोर्द म्हणाले. "मेयरच्या संमतीशिवाय कुठल्याही गावची शाळा बंद होणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी परत जाईन."

"आणि मी हो म्हणाले तर गाव म्हणेल, बाईंनी शाळा बंद केली. पॅरिसचं नाव कुठे यायलाच नको."

ते ओशाळून हसले. मुकुट कानावर घसरला. "या आठवड्यातलं हे माझं चौथं गाव. काल एका ठिकाणी माझ्या गाडीवर शेण फेकलं. तुमच्याकडे निदान केक तरी मिळाला."

त्यांचा राग करण्याइतकं बळ माझ्यात उरलं नव्हतं. मंत्री बदलतात, प्रत्येक जण आपली योजना आणतो, त्या योजनेची परिपत्रकं येतात, आणि ती समजून घेईपर्यंत मंत्रीच दुसरा येतो. मी याच शाळेत आयुष्यभर शिकवलं. निवृत्त झाल्यावर कुणीच उभं राहीना म्हणून मेयर झाले. आता फुटलेल्या नळापासून स्मशानाच्या फाटकापर्यंत सगळं माझ्याकडे येतं. गावात निम्म्याहून जास्त लोक माझे विद्यार्थी, त्यामुळे मला मेयर कुणीच म्हणत नाही. बाईच म्हणतात.

नाही म्हणायचं, हे माझं ठरलेलं होतं.

दर गुरुवारी मी शाळेत तासभर जाते. एलोदी, म्हणजे आताची शिक्षिका, तेवढ्यात जरा श्वास घेते, आणि मी मुलांना राज्य कसं चालतं ते शिकवते. पाठांतर करून घेत नाही. आम्ही सभा भरवतो. एक जण मेयर होतो, बाकीचे मंडळ, आणि ठराव मांडायचा, वाद घालायचा, हात वर करून मत द्यायचं. माझा एकच नियम आहे: मत दिलं की का दिलं तेही सांगायचं.

त्या गुरुवारी निनों मेयर होती. ती म्हणाली, "ठराव असा आहे, की आपली शाळा राहू द्यावी."

चार हात वर गेले. तिचा गेला नाही.

"अगं, तुला नको शाळा?" गास्पारच्या मोठ्या भावाने तिला ढोसलं. "मेयर असून असं कसं?"

निनों माझ्याकडे बघत होती. "बाई, का ते सांगायलाच पाहिजे?"

"नियम आहे बाळा."

"लपाछपी खेळताना मी कुठे लपते ते यांना सगळं माहीत आहे. लाकडांच्या मागे, नाहीतर पायरीखाली, नाहीतर पाण्याच्या टाकीमागे. दुसरी जागाच नाही. मी लपायच्या आधीच हे तिथे जाऊन उभे राहतात. आणि माझ्या इयत्तेत मी एकटीच आहे. पहिली पण मीच येते आणि शेवटची पण मीच."

पोरं हसली. मीही हसले. पण घरी जाताना चढावर दोनदा थांबले, आणि दम लागला होता म्हणून नव्हे.

गावच्या मंडळाची सभा फेब्रुवारीत भरली, संध्याकाळी, मेयरच्या कचेरीत. आम्ही सात जण, पण अर्माँ खुब्याच्या ऑपरेशनसाठी शहरात होता. मी फोन केला तर म्हणाला, "मला इथे लघवीला जायचं सुधरेना, तुम्ही शाळेचं काय विचारता! बघा तुम्हीच." म्हणजे उरलो सहा.

माझा उपमेयर फेर्नां, गुरं पाळतो, मी शिकवलेल्या अगदी पहिल्या तुकडीतला. तोच आधी बोलला. "शाळा गेली की बेकरीची गाडी जाईल. मग नवीन बिऱ्हाड कोण येईल इथे? बास्तियाँ, तुझं घर विकायला काढलंस तर कोण घेईल रे? गाईसुद्धा विचारतील आधी, शाळा आहे का म्हणून."

"तुझ्या गाई शिकून मत द्यायला लागल्या असत्या तर तू मेयर झाला असतास," क्लोतिल्द म्हणाली. ती निनोंची आई. "फेर्नां, तुला मूल नाही. माझी पोरगी घरी येऊन कोंबड्यांना सभासद करून सभा भरवते. मला हसू येत नाही आता. खाली शांबोरेच्या शाळेत तिच्या वयाची मुलं आहेत, आणि सरकार न्यायला-आणायला व्हॅन देतंय."

"व्हॅन देतंय! बर्फात व्हॅन!"

"बर्फात मीच सोडेन."

दोघंही खरं बोलत होते. म्हणूनच मला इतकं थकल्यासारखं झालं. एखादा खोटं बोलत असता तर काम सोपं झालं असतं.

ठराव होता, शाळा बंद करायला संमती द्यावी. सगळ्यांचं बोलून झालं तेव्हा स्पष्टच दिसत होतं. क्लोतिल्द आणि सुतार बास्तियाँ बाजूने. फेर्नां, म्हातारी सिमोन आणि पूर्वी टपाल वाटणारा रेजिस विरुद्ध. उरले मी. सगळे टेबलाकडे बघत होते, माझ्याकडे कुणीच नाही.

फेर्नांने घसा खाकरला. "गुप्त मतदान घेऊया. रेजिस, कर हात वर. दोघांनी मागितलं तर द्यावंच लागतं, हो ना बाई?"

"द्यावं लागतं."

"मग झालं. बाईंचा हात कुणाला दिसायला नको. चिठ्ठ्या टाकू, काय निघेल ते निघेल."

त्याने हे माझ्यासाठी केलं होतं. मी दमले आहे हे त्याला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ते मला हवंहवंसं वाटलं. गुप्त मतदानात मतं समान पडली तर ठराव आपोआप पडतो. मी संमतीच्या बाजूने चिठ्ठी टाकली असती तरी तीन आणि तीन, म्हणजे शाळा राहिली असती. माझं मतही दिलं गेलं असतं आणि गावही माझ्यावर रुसलं नसतं. लाबोर्दना कळवलं असतं, मंडळाने नाकारलं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. हात वर करून मत घेतलं तर मात्र समान मतांत मेयरचं पारडं जड, मेयरचा हात ज्या बाजूला ती बाजू जिंकते.

मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं, फळ्यापाशी उभं राहून सांगावं तसं. मग म्हणाले, "फेर्नां, तुझा तो हक्क आहे. पण तू मागणी मागे घेतलीस तर बरं होईल. घेण्याआधी नीट विचार कर. माझा हात कुठे जाईल हे मी तुला आत्ता सांगणार नाही."

तो मोठ्याने हसला. "बाई, सांगायला कशाला हवं? तुमची शाळा आहे ती." आणि रेजिसला कोपराने ढोसून म्हणाला, "घे हात खाली. उघड घेऊ. उघडच बरं."

"फेर्नां, मी म्हणाले विचार कर."

"केला की!"

मी ठराव वाचला. बाजूने कोण, विचारलं. क्लोतिल्दचा हात वर गेला, बास्तियाँचा गेला, आणि मग माझा.

तीन विरुद्ध तीन, म्हणजे ठराव मंजूर. खोली तापवणारा रेडिएटर टकटक करत होता. सिमोनने चष्मा काढून पुसला.

"का?" फेर्नां म्हणाला. पोरांना मी जो प्रश्न विचारायला शिकवते तोच.

"आपण गाव टिकावं म्हणून त्या पाच पोरांना शाळेत धरून ठेवलंय," मी म्हणाले. "मीसुद्धा. मला गुरुवार हवा असतो म्हणून."

त्याने टोपी उचलली आणि गेला. सभेसाठी ठेवलेला केक तसाच राहिला. हेझलनटचा, त्याच्याच बायकोने पाठवलेला.

तो नंतर सभांना यायचा, सह्या करायचा, पण माझ्याशी बोलायचा नाही. कचेरीतून येणाऱ्या कागदांत आता आमच्या नावापुढे 'संमती प्राप्त' असं छापून यायचं. लाबोर्दनी एक कार्ड पाठवलं, त्यांची बदली झाली होती. नवीन मंत्री आले. नवीन मंत्र्यांना म्हणे डोंगरातल्या लहान शाळा जपायच्या होत्या. ते परिपत्रक मी दोनदा वाचलं आणि फायलीत लावलं.

सप्टेंबरमध्ये व्हॅन सुरू झाली. पहिल्या दिवशी दुपारी मी शाळेच्या पायरीवर बसले होते. किल्ली माझ्याकडेच, पण आत जावंसं वाटलं नाही. समोरच्या कारंज्याच्या नळावर फेर्नां बादली भरत होता, माझ्याकडे पाठ करून.

व्हॅन थांबली. निनों उडी मारून उतरली आणि थेट माझ्याकडे धावत आली.

"बाई! आज मी कुणालाच सापडले नाही! घंटा वाजली तरी नाही!"

"अरे वा! कुठे लपलीस?"

"जिन्याच्या मागे एक खोली आहे, तिथे. किती वेळ थांबले मी. अंधार होता."

"आणि ते शोधत होते तुला?"

ती विचार करायला लागली. बुटाच्या टोकाने तिने खडी उकरली. "माहीत नाही," ती म्हणाली. "ज्याच्यावर राज्य होतं तो मुलगा मला ओळखत नव्हता."

इतकी वर्षं शिकवलं, आणि आता नुसता तिच्या दप्तराचा पट्टा सरळ केला.

फेर्नांने बादली नळाखालीच ठेवली आणि वळला. "उद्या लपायच्या आधी त्याला तुझं नाव सांग," तो म्हणाला. "मग लप. नाव माहीत असलं की शोधतात."

निनोंने मान हलवली आणि घराकडे पळाली. तो तिथेच उभा होता, पाणी बादलीवरून वाहून जात होतं.

"फेर्नां, नळ," मी म्हणाले.

"बघतोय बाई," तो म्हणाला आणि नळ बंद केला.