हंड्यावरची गोधडी

मित्रांनो, माझ्या अंगाला मटणाच्या रश्श्याचा वास येतो म्हणून नाक मुरडू नका. मी एक जुनी गोधडी आहे, कोकंद शहरातल्या एका लहानशा खानावळीची.

मला ओयदिनबिबींनी शिवले. लग्नघरातले रेशमी तुकडे माझ्या अंगावर आणि घरच्या शेतातला कापूस पोटात. बाजारात एक बाबा गाऊन उपदेश करीत. त्यांचीच ओळ बिबी गुणगुणत, "अल्लाने दिलेली ऊब उधळू नका रे, बंद्यांनो!" त्या सुरावर माझा टाका न् टाका पडला. हिवाळ्यात शेगडीवर मांडलेल्या बुटक्या चौरंगावर मला पसरले, की सारे घर माझ्याखाली पाय घालून बसे. पाहुणे म्हणत, "बिबी, ही गोधडी नव्हे, हा तर उन्हाळा!"

पुढे बिबी अल्लाच्या घरी गेल्या. त्यांचे चिरंजीव तुर्सुनबोय, या खानावळीचे उस्ता म्हणजे मुख्य आचारी, यांनी मला खानावळीच्या बाकाखाली सरकवले. तिथे मांजरी तीनदा व्याली. मी रागावले नाही. तिच्या पिल्लांनाही ऊब हवीच की!

यंदा वसंतात कॉलेजातून मुअत्तर नावाची विद्यार्थिनी आली. दोन आठवडे खानावळीत काम करायचे आणि इंधनाची नासाडी थांबेल असा एक बदल रुजवून जायचे, एवढेच तिचे काम.

"उस्ता, मटणाच्या रश्श्यातले हरभरे शिजायला चार तास गॅस जळतो. एक दणदणीत उकळी आणा, गॅस बंद करा आणि हंडा गुंडाळून ठेवा. आपोआप शिजतील."

"वा गं पोरी! मग मीही गुंडाळून झोपतो, गिऱ्हाईक आपोआप जेवतील!"

पण तिने मला शोधून काढले, उन्हात झटकले आणि बंद चुलीवरच्या हंड्याभोवती लपेटले. उस्ता म्हणाले, "एक दिवस बघतो. फसलं, तर ही जाईल गॅरेजात, तेल पुसायला."

मित्रांनो, माझ्या पोटातला कापूस थरारला! मी जीव लावून ऊब धरली. पण दारात माणूस आला, की उस्ता मला दूर सारून झाकण उघडत. "या, या, आधी वास तर घ्या!" पाहुण्याला हंडा दाखवला नाही, तर तो पाहुणचार कसला? अकरा वेळा झाकण उघडले.

दुपारी शेजारचा न्हावी ओलिमजान जेवायला बसला. "उस्ता, हरभरे आहेत की गोट्या? माझ्याकडे दाढीला या, मीही अशीच अर्धी करून सोडतो!"

सगळे खो खो हसले. उस्तांनी मला गुंडाळून दाराशी टाकले. मुअत्तरच्या डोळ्यांत पाणी आले, पण ती हटली नाही. "उस्ता, उद्या एकदाच. आणि खुंटीवरचा तो कमरबंद द्याल का?"

उस्तांनी खुंटीकडे पाहिले. तो त्यांच्या वडिलांचा कमरबंद होता. पण दुसऱ्या सकाळी त्यांनीच तो उतरवला, डोळ्यांना लावला आणि माझ्याभोवती घट्ट बांधला.

ओलिमजान आला. उस्तांचा हात सवयीने गाठीवर गेला आणि थबकला. "नाही बाबा. अब्बांची गाठ आहे. दुपारशिवाय सुटायची नाही."

"म्हणजे वाससुद्धा नाही?"

"चहा पी आणि गप्प बस!"

दुपारी बिस्मिल्ला म्हणून गाठ सोडली. वाफेने उस्तांची मिशी भिजली. ओलिमजानने हरभरा जिभेवर ठेवला आणि चावायचेच विसरला. तो विरघळला होता.

मुअत्तरला जाऊन महिना झाला. जाताना तिच्या कॉलेजच्या कागदावर उस्तांनी सहीच्या वर एक ओळ लिहिली होती : 'पोरीने माझ्या आईला कामावर परत आणले.' आता ते रोज मला बांधताना बेसूर गातात, "ऊब उधळू नका रे, बंद्यांनो!"

मित्रांनो, तुमच्याही घरी कुठल्याशा बाकाखाली माझी एखादी बहीण पडली असेल. तिला एकदा उन्हात झटका, काम सांगा. फक्त मांजरीला आधी विचारा हं. आमच्या मांजरीला उस्तांनी आपला जुना कोट दिला, तेव्हा कुठे तिने मला सोडले!