तापलेली गंजी

दसरा होऊन गेला तरी पावसाचा पाय निघत नव्हता. वडनेर भोलजीच्या शिवारात उकंडरावांनी नाल्याकाठच्या पडीतातलं गवत कापलं, आणि त्याच दिवशी दुपारी सर आली. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. उकंडराव आणि गीताबाई या म्हाताऱ्या नवरा-बायकोनं सगळं गवत उलटंपालटं करून वाळत घातलं. संध्याकाळी पुन्हा पाऊस. मग हाच खेळ सुरू झाला. सकाळी पलटवायचं, संध्याकाळी भिजताना बघायचं.

"एवढी तर मी जन्मात भाकर नाही पलटवली," गीताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली.

उकंडराव हसले नाहीत. हसायलाही अंगात काही उरावं लागतं.

या गवतावर त्यांची बैलजोडी टिकून होती. गावात आता ज्वारी कोणी पेरत नव्हतं, म्हणून कडबा नव्हता. लाख्या आणि बांड्या यांचं वर्षाचं पोट या पडीतावरच. मुलगा राजकुमार मलकापूरला दुकान चालवायचा. बैल विका, ट्रॅक्टर भाड्यानं आणा, हा त्याचा नेहमीचा धोशा. मागच्या दिवाळीला वैतागून उकंडराव बोलून गेले होते, "ज्या साली बाहेरून चारा आणावा लागंल, त्या साली जोडी बाजारात नेईन. तोवर नाव काढू नको."

तेव्हा बोलायला काही लागलं नव्हतं. आता दिवाळी तोंडावर आली होती आणि राजकुमार येणार होता.

शेवटी एका दिवशी उन्हानं जरा तोंड दाखवलं. गवत वरून खुळखुळ वाजायला लागलं, पण पेंढी पिळली तर हाताला ओल लागत होती. अजून एक ऊन हवं होतं. पण पश्चिमेकडून पुन्हा काळं चढून येत होतं, आणि दोघांचेही हात आता वर उठत नव्हते.

"रचून टाका," गीताबाई म्हणाली. "आता माह्याच्यानं नाही होत."

दरवर्षी उकंडराव गवताच्या गंजीवर तुराट्या अंथरायचे आणि बाजू मोकळ्या सोडायचे. या वेळी राजकुमारनं जाड ताडपत्री पाठवली होती. त्यांनी ती माथ्यापासून जमिनीपर्यंत गुंडाळली आणि दोरानं आवळून बांधली. आता थेंब आत जाणार नाही, म्हणून दोघं निर्धास्त झाले. आतला थेंब बाहेर कुठून जाणार, हे थकलेल्या डोक्यात आलंच नाही.

दोन-तीन दिवसांनी सकाळी उकंडरावांनी गंजीतून पेंढी उपसून बांड्यापुढे टाकली. बांड्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. उकंडरावांनी स्वतः वास घेतला. गुळाच्या पाकासारखा आंबूस वास. ते तसेच गंजीकडे गेले, दोर सोडला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. तापानं फणफणलेल्या लेकराच्या काखेत हात जावा, तसं लागलं.

"अवं, इकडं ये. हात घाल."

गीताबाईनं घातला आणि झटकन काढला. "अवं माय! भात शिजंल याच्यात."

"झाकली तर जळते. उघडली तर भिजते." वरून बारीक रिपरिपीचं बुरंगाट सुरूच होतं. उकंडराव ओट्यावर बसले. "जाऊ दे. येऊ दे पोराले. नेऊ दे जोडी."

गीताबाईनं पदर खोचला. "घरात आणा गवत."

"घरात कुठं? उठाले-बसाले जागा नाही."

"राजकुमारच्या खोलीत. पंखा हाय तिथं."

पोरानं सुटीपुरती राहायला स्लॅबची, गुळगुळीत फरशीची खोली बांधली होती. त्या फरशीवर म्हातारा चप्पल घालून कधी गेला नव्हता.

"फरशीवर? सून काय म्हणंल?"

"म्हणू दे. फरशी धुता येते. गेलेला बैल परत आणता येत नाही."

दोघं भारे वाहू लागले. धुऱ्यापलीकडचे, शेजारच्या वावराचे अर्जुनराव आपल्या गुरांच्या रिकाम्या कोठ्याकडे चालले होते. ते थबकले.

"काय उकंडभाऊ, सुनंसाठी गादी भरून राह्यले काय?"

"हसा तुमी. टिनाच्या शेडात चाऱ्याचं कुटार भरून बसले, तुमाले काय?"

"कुटार हाय, पण खानारं कुठी हाय?" अर्जुनरावांनी दोन वर्षांपूर्वी बैल विकले होते. "अन् वावरात एवढा चिखल, का ट्रॅक्टरवाला फोन उचलून नाही राह्यला. हरभरा कवा पेरू?" असं म्हणत त्यांनीही एक भारा डोक्यावर घेतला.

गंजीचं पोट काळं पडलं होतं. त्यावर पांढरी बुरशी धरली होती आणि वाफा निघत होत्या. ते सगळं उकिरड्यावर गेलं. कडेचं, वरचं गवत तेवढं खोलीत पसरलं. पलंगावर, खिडकीत, आरशाच्या फळीवरसुद्धा. वर पंखा गरगरत होता.

राजकुमार आणि त्याची बायको अश्विनी आले तेव्हा खोलीचं दार उघडून अश्विनी शिंकतच सुटली. "मामाजी, आम्ही झोपाचं कुठं?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

राजकुमार उंबऱ्यातच उभा राहिला. "बाबा, किती वाचलं?"

"अर्धं."

त्यानं दाराजवळची एक काडी उचलून मोडून पाहिली. उकंडरावच म्हणाले, "मी शब्द देल्ला होता. पाहा मंग."

चहा घेत बसलेल्या अर्जुनरावांनी बशी खाली ठेवली. "काय शब्द? बाहेरून चारा आणाचा नाही, हाच ना? मंग नका आणू. एक बैल माह्या कोठ्यात बांधा. तो चाऱ्याकडं येईल. पेरणीले जोडी दोघांच्या वावरात. सावड करू."

"काका, तुमी वकील व्हाले पाहिजे होतं," राजकुमार म्हणाला. तो हसला नाही, पण वादही घातला नाही.

संध्याकाळी उकंडरावांनी लाख्याचा कासरा सोडला. धुऱ्यापर्यंत आले तेव्हा मागून बांड्या हंबरला. लाख्या थांबला, मान वळवून त्यानं हंबरून उत्तर दिलं आणि पाय रोवून उभा राहिला. पुन्हा बुरंगाट सुरू झालं. उकंडरावांच्या हातात ओढायचं बळ नव्हतं. तेही तिथंच चिखलात त्याच्या मानेवर हात ठेवून भिजत उभे राहिले.

"चाल बे," ते बऱ्याच वेळानं म्हणाले. "वाफसा आला का जुवाखाली भेटंलच तो."