पुठ्ठ्यावरचं गेट

हे तो लिहिणारच नव्हता. फोनवर दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा पुसायला अंगठा पुढे गेला आणि तिथेच थांबला. आपला अंगठा जागेवर आहे, हे त्याच्या एकदम लक्षात आलं. मग पुसवेना.

खोक्यांच्या कारखान्यात त्याला सगळे मास्तर म्हणायचे. शाळा नववीतच सुटलेली, पण रद्दीतून त्याने एक इंग्रजी शब्दकोश उचलला होता. पुढची पानं फाटलेली, सुरुवात थेट एफपासून. म्हणून एफच्या आधीचं मास्तरचं इंग्रजी जरा लंगडंच. जी मात्र शाबूत होता, आणि जीमध्ये होतं गेट. तीन अक्षरांचं क्रियापद आणि साडेतीन पानं अर्थ.

"एवढासा जीव आणि एवढा पसारा!" बुटक्या म्हणाला होता.

बुटक्या सहा फूट उंच, म्हणूनच हे नाव. दोघं एकाच मशीनवर. पुठ्ठा कापून त्याला घड्या पाडणारं मशीन, दाब असा की खाली सापडलेलं काही पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मास्तर चालवायचा, सुट्टीनंतर बुटक्या.

सुट्टीत रोज गेटचा एक अर्थ. कापून पडलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मास्तर पेन्सिलीने लिहायचा, बुटक्या तो शर्टाच्या खिशात ठेवायचा. "सुपरवायझर इंग्रजीत शिव्या घालतो. निदान कळायला तरी हव्यात," हे त्याचं शिकण्याचं कारण.

पहिल्या दिवशी मिळणं. आय गॉट अ जॉब. दुसऱ्या दिवशी होणं. आय गॉट टायर्ड, आय गॉट वेट. मग पोचणं, मग समजणं. पाचव्या दिवशी दुसऱ्याकडून करवून घेणं. आय गॉट माय हेअर कट.

"म्हणजे कापले न्हाव्याने आणि वाक्यात मी?"

"हो. न्हावी लिहायची गरज नाही."

"भारीच सोय आहे रे यांची. काम एकाचं, नाव दुसऱ्याचं. अगदी आपल्या सुपरवायझरसारखं."

दोघं एवढे हसले की पाणी नाकात गेलं.

आता तारेचं सांगायला हवं.

मशीनपुढे एक जाळी होती. ती खाली आली की एक बटण दाबलं जायचं आणि तेव्हाच मशीन चालायचं. प्रत्येक पुठ्ठ्याला जाळी वर, जाळी खाली. वेळ जायचा. "बटण बांधून टाका, लाड पुरे झाले," असं सुपरवायझरने सांगितलं होतं. सांगितलं फक्त तोंडाने. तेव्हापासून दोघांपैकी जो सकाळी आधी पोचेल तो बटण तारेने आवळायचा. त्या मंगळवारी ती मास्तरने आवळली. पक्कडीने दोन जास्तीचे पीळ दिले.

दुपारी अडीचला बुटक्याचा उजवा हात आत गेला. अंगठा आणि दोन बोटं.

गुरुवारी सुपरवायझरने मास्तरला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. या केबिनमध्ये मास्तरला आजवर कोणी चहा पाजला नव्हता.

"हा त्याचा जबाब, अपघाताच्या चौकशीला सरकारी माणूस येईल त्याला दाखवायला. इंग्रजीत आहे. तू मित्र ना त्याचा? वाचून दाखव आणि डाव्या हाताचा अंगठा घेऊन ये." मग हळूच, "तुझं नाव कुठे येऊ दिलेलं नाही हं मी. बघ."

मास्तरने बघितलं. कागद सोपा होता, शब्दकोश लागलाच नाही. चौथ्या ओळीत लिहिलं होतं की कामगाराने कोणालाही न विचारता स्वतःच बटणाला तार बांधली. त्याला सगळं समजलं. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीचं अख्खं पान अडखळल्याशिवाय समजलं, आणि ते हे.

हॉस्पिटलमध्ये बुटक्याची ताई उशाशी बसली होती. "बरं झालं तू आलास. आम्हाला काय कळणार यातलं," ती म्हणाली. मास्तरने वाचून दाखवलं. तीन ओळी वाचल्या, चौथी गाळली, पाचवीवर गेला. आवाजही बदलला नाही.

"सगळं बरोबर आहे?" बुटक्याने विचारलं.

"हो."

ताईने भावाचा डावा अंगठा शाईत बुडवला. कागद घेऊन मास्तर निघाला आणि जिन्यात दोनदा थांबला. परत वर गेला नाही.

शनिवारी चार वाजता पुन्हा गेला. बुटक्या उशीला टेकून बसला होता, मांडीवर कंपनीकडून आलेलं रंगीत कार्ड.

"मास्तर! हे मी वाचलं! कोणाला न विचारता! गेट वेल सून. दुसरा अर्थ, होणं. बरा हो." त्याने कार्ड डाव्या हाताने वर धरलं. "पण हे हुकमासारखं वाटतंय रे. बरा हो लवकर, मशीन थांबलंय."

ताई हसली आणि चहा आणायला खाली गेली. खिडकीत पुठ्ठ्याचे तुकडे ओळीने उभे होते. कडेच्या एका तुकड्यावर वाकडंतिकडं, पोरानं गिरवल्यासारखं गेट लिहिलेलं. डाव्या हाताने.

"आज कुठला?" बुटक्याने विचारलं.

"आज शिकवत नाही. ऐक." आणि मास्तरने सांगितलं. चौथी ओळ, तार, पक्कड, चहा. सांगताना तो पलंगाच्या चाकाकडे बघत होता.

बुटक्याने मांडीवरचं कार्ड पालथं केलं. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा खोकत राहिला.

"तार तू बांधलीस ते मी बघितलं होतं," बुटक्या म्हणाला. "बांधायचे सगळेच. सोमवारी मीच बांधली होती. पण कागद वाचणारा तू एकटाच होतास."

"हो."

"मला वाटायचं, गेट शिकवतोय म्हणजे हा आपल्याला काहीतरी देतोय."

मास्तरने खिडकीतला कडेचा तुकडा उचलला आणि परत जागेवर ठेवला.

"चौकशीवाला कधी येणार?" बुटक्याने विचारलं.

"सोमवारी. दहाला."

"सुपरवायझर तुला हाकलेल."

"हाकलेल."

"तोंडाने सांगशील आणि ऐनवेळी शेपूट घालशील. मी ओळखतो तुला." बुटक्याने पट्टी बांधलेला हात छातीशी घेतला. "लिहून आण. आपल्या भाषेत. आधी मी वाचणार. माझा मी. तू नाही वाचून दाखवायचं."

दारात ताई आली. हातात तीन कप. तिसरा मास्तरसाठी होता. तो घ्यायला त्याचा हात पुढे जाईना.

"लिहितो," मास्तर म्हणाला. "उद्या चारला आणतो. तार मी बांधली, सांगितलं कोणी, कागद कोणी वाचला, सगळं. एकही ओळ गाळणार नाही. शब्द देतो तुला."