चार बोटं कमी

तळघर सांभाळणाऱ्या अन्सेल्मच्या घरामागे होनोरीनबाईंना रिकाम्या बाटल्या दिसल्या आणि त्यांनी त्या मोजल्या. एकोणतीस बाटल्या, सगळ्या त्यांच्याच मळ्यातल्या. तांबड्या वाइनचा हा मळा कधीकाळी मठातल्या साधूंनी लावलेला. नवरा गेल्यापासून होनोरीनबाई एकट्याने तो सांभाळत होत्या. यंदा गारपिटीतून वाचलेली वाइन अवघी आठ पिंपं. ती बिघडली तर मळा विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"मी सांगत नव्हते, वहिनी?" नणंद क्लोतिल्द म्हणाली. "कुंपणच शेत खातंय."

संशय होताच. लाकडाच्या पिंपातली वाइन हळूहळू उडते, म्हणून दर सोमवारी भर घालून पिंप काठोकाठ ठेवायचं, नाहीतर आत हवा शिरून वाइन आंबते. भरीसाठी वेगळं ठेवलेलं छोटं पिंप दरवर्षी सुगीपर्यंत पुरायचं. यंदा ते नाताळातच रिकामं झालं होतं. तळघराची किल्ली एकट्या अन्सेल्मकडे, तीही एकतीस वर्षं. बाईंनी मनात त्याला केव्हाच चोर ठरवलं होतं.

त्या तडक त्याच्या दारात गेल्या. अन्सेल्म लसूण सोलत बसला होता.

"अन्सेल्म, त्या बाटल्या कोणी संपवल्या?"

"माझ्या होत्या, मालकीणबाई. दर नाताळला तुम्हीच देता त्या."

"दोन महिन्यांत एकोणतीस? आणि भरीचं पिंप?"

"मी थेंबभरही प्यायलो नाही."

"मग कोण प्यायलं? तुमचं मांजर?"

अन्सेल्मने लसूण खाली ठेवला. "तुम्ही विचारायला नाही आलात. ठरवून आलात," म्हणाला आणि खुंटीवरची किल्ली काढून त्याने त्यांच्या हातात दिली. चोराच्या मनात चांदणं, असं बाईंना तेव्हा वाटलं. आपल्या हुशारीवर त्या खूषही झाल्या.

त्याच दिवशी त्यांनी आठही पिंपांच्या बुचांवर लाख ओतून नवऱ्याच्या अंगठीचा ठसा उमटवला. अन्सेल्मकडे दुसरी किल्ली असलीच, तर लाख तुटेल आणि चोर सापडेल. भर घालायला वाइन उरली नव्हतीच; चोरी थांबली की पिंपं भरलेलीच राहतील, असं त्यांनी धरलं. नवा माणूस ईस्टरनंतर यायचा होता. तोवर रोज सकाळी त्या ठसे तपासत. दोन महिने एकाही ठशाला तडा गेला नाही.

"घाबरलाय मेला," क्लोतिल्द म्हणाली.

ईस्टरनंतर बाईंनी पहिलं बूच काढलं. काठी आत सोडली. वाइन चार बोटं कमी! दुसऱ्या पिंपात तेच, आठव्यातही तेच. लाख शाबूत, किल्ली स्वतःच्या कमरेला, मग वाइन गेली कुठे?

त्या वाकून पिंपाखाली गळती चाचपू लागल्या. हाताला जमीन लागली, कोरडी ठणठणीत. शेकडो वर्षं इथे ओली माती होती, चालताना बूट चिकटायचे. पाहुण्यांचे बूट घाण होतात म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्यांनीच कोबा करून घेतला होता. तेव्हा अन्सेल्म म्हणाला होता, "माती झाकू नका, तळघर सुकेल. पिंपांना तहान लागेल." आणि त्यांनी सुनावलं होतं, "तुम्ही पिंपं बघा, घर मी बघते."

पिंपं त्याने बघितली होती. भर संपल्यावर नाताळच्या स्वतःच्या बाटल्या फोडून त्यात ओतल्या होत्या. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या तशाच त्याच्या घरी धावल्या. त्याने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही.

"चुकले मी, अन्सेल्म. तुमच्यावर आळ घेतला." त्यांनी किल्ली पुढे केली. ती त्याने घेतली नाही.

"किती बोटं कमी?"

"चार. सगळ्यांत."

तो वळला. फळीवर शेवटच्या सहा बाटल्या होत्या. त्या त्याने टोपलीत भरल्या, टोपी चढवली. मग थबकून म्हणाला, "हात बघू."

बुचाला लागलेला त्यांचा हात त्याने नाकाशी नेला. बराच वेळ धरून ठेवला. मग टोपी काढली आणि एकेक बाटली परत फळीवर ठेवली.

"काय झालं?"

"सॅलडला चालेल," अन्सेल्म म्हणाला. "चांगला शिरका झालाय."