रूथच्या खालची रेघ

न्यूझीलंडमध्ये, हेन्डरसनला, आमचं आणि शेजारच्या एलिनॉरबाईंचं कुंपण एकच. माझी मुलगी स्नेहल गेली आणि पुढच्या वर्षी, २०१३ साली, मी पुण्याहून इथे आलो तो नातीला, ओवीला, सांभाळायला. तेव्हा ती चार वर्षांची होती. जावई रणजित सकाळी ईस्ट टामाकीला कामावर गेला, की आम्ही दोघं मागच्या पायरीवर पाटी घेऊन बसायचो. कुंपणापलीकडून एलिनॉरबाई ऐकत असायच्या. काही दिवसांनी खुर्ची घेऊन त्याही आल्या. त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांना ‘ळ’ म्हणता येऊ लागला, त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

पुण्यात मी शाळामास्तर होतो, म्हणून त्या मला ‘मास्टर’ म्हणायच्या. आनंद झाला की म्हणायच्या, “स्वीट अ‍ॅज!”

“कशासारखं गोड? वाक्य पूर्ण करा,” मी म्हणायचो.

“मास्टर, इथे ते तेवढंच असतं.”

२०१७ च्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जुलैत, त्या एक बुटाचं खोकं घेऊन आल्या. “तुमचं अक्षर हवंय,” म्हणाल्या. “माझे डोळे कामातून गेलेत. समोरचं दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं.”

खोक्यात जन्माचे दाखले होते, जुनी पत्रं होती. एलिनॉरबाई माहेरच्या लामोत. सव्वातीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंट लोकांचा धर्म बेकायदा ठरवला. त्या लोकांना ह्युगेनो म्हणतात. पुष्कळजण रातोरात देश सोडून पळाले, त्यांत एक लामोत नावाचा विणकर होता. तो लंडनला गेला आणि त्याच्या पणतूचा पणतू इथे न्यूझीलंडला. आता ऑक्टोबरमध्ये पोरिरुआला त्याच्या वंशजांचा मेळावा भरणार होता. मेळाव्यात मूळ पुरुषापासून खाली एकेक नाव वाचतात. गेलेल्यांच्या नावाला सगळे मान लववतात. हयात असेल तो उठून ‘आहे’ म्हणतो, मग त्याला कथलाचा एक बिल्ला देतात. पूर्वी रानात चोरून प्रार्थना व्हायची, तेव्हा आपला माणूस ओळखायला असेच बिल्ले असत. प्रत्येक शाखेने आपली यादी छापून नव्हे, हाताने लिहून आणायची, असा त्यांचा रिवाज.

“हे तर माझ्या हातचं काम,” मी म्हणालो. निवृत्तीनंतर आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत मीच संपादित केला होता. सात वर्षं पत्रं पाठवली, सहाशे पानांचं पुस्तक काढलं.

रणजित हसला. “बाबा, तुम्ही न्यूझीलंडला येऊनही संपादकच!”

तीन आठवडे मी बसलो. जाड कागद आणला, बोरू नव्हता म्हणून चपट्या निबेचं पेन घेतलं. एलिनॉरबाईंच्या भावाचे मुलगे, त्यांची मुलं, सगळ्यांना जागा दिली. मग एलिनॉरबाई. कुलवृत्तांतात मुलीचं नाव येतं, तिच्या नवऱ्याचं येतं आणि तिथे खाली एक छोटी आडवी रेघ मारतात. तिची मुलं दुसऱ्या घराण्याची, त्यांच्या पुस्तकात जाणार. सात वर्षांत अशा शेकडो रेघा मी मारल्या होत्या. पण एलिनॉरबाईंशी स्नेह होता, म्हणून मी त्यांची दिवंगत मुलगी रूथ हिलाही घेतलं. एक पिढी जास्त. आपण औदार्य केलं असंच मला वाटलं. मग रूथच्या खाली मी रेघ मारली. खोक्याच्या तळाशी टेसा नावाच्या मुलीचा जन्मदाखला होता. आईच्या जागी रूथचं नाव होतं. मी तो वाचला आणि घडी करून परत ठेवला.

कागद गुंडाळून दिला तेव्हा एलिनॉरबाईंनी विचारलं, “खोक्यातले सगळे आले ना?”

“सगळे,” मी म्हणालो.

त्यांनी कागदावरून हात फिरवला, जणू बोटांना नावं लागणार होती.

ऑक्टोबरच्या सुट्टीत मी, ओवी आणि एलिनॉरबाई विमानाने वेलिंग्टनला आणि तिथून गाडीने पोरिरुआला गेलो. विमानात त्या ओवीला म्हणाल्या, “उद्या कदाचित इन्व्हरकारगिलहून एकजण येईल. नाहीतर नाही.” कोण, ते मी विचारलं नाही.

सभागृहात दीडशे माणसं होती. बॅरी नावाचा त्यांचा एक चुलतभाऊ नावं वाचत होता. आमचा कागद पुढे आला. “एलिनॉर.” त्या उठून खणखणीत म्हणाल्या, “आहे.”

“रूथ.” माना लवल्या. मागच्या रांगेत निळ्या रेनकोटमधली एक तरुण बाई खुर्चीवरून अर्धवट उठली. बॅरीने खाली पाहिलं, रेघ पाहिली, आणि दुसऱ्या शाखेचा कागद उचलला. ती बाई तशीच थोडा वेळ वाकून उभी राहिली, मग बसली. थोड्या वेळाने मी मागे पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.

ओवीने माझी बाही ओढली. “आजोबा, शी स्टूड अप. बट दे डिडन्ट से हर नेम.”

“गप्प बस,” मी म्हणालो. आयुष्यात मुलांना मी क्वचितच गप्प बसवलं असेल.

संध्याकाळी मोटेलमध्ये एलिनॉरबाई बिल्ला हातात घेऊन बसल्या होत्या. “नाही आली,” त्या म्हणाल्या. मग सगळं सांगितलं. रूथने मनाविरुद्ध लग्न केलं, त्या लग्नाला एलिनॉरबाई गेल्या नाहीत. रूथच्या अंत्यविधीला टेसा त्यांच्याशी बोलली नाही. त्याला बारा वर्षं झाली. या जूनमध्ये त्यांनी फोन केला. “मी म्हणाले, तुझं नाव सगळ्यांसमोर वाचतील, तू फक्त ये. ती म्हणाली, बघते. मे महिन्यात त्या विणकराच्या गावी जायचं म्हणून मी दोन तिकिटं काढलीत, मास्टर. ते तिला समोर सांगणार होते.”

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मग म्हणालो, “ती आली होती.”

मी सांगत गेलो. रेघ म्हणजे काय, तेही सांगितलं. त्या ऐकत होत्या. त्यांचं पाहणं माझ्याकडे नव्हतं, माझ्या खांद्याच्या बाजूला होतं. कडेने पाहायची त्यांना सवय झाली होती.

“तिचा कागद तुमच्या हातात होता?”

“हो.”

“आणि मी विचारलं होतं.”

“हो.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ओवीला हाक मारून फोन लावायला सांगितला. टेसाने उचलला नाही. रात्रीपर्यंत अकरा वेळा ओवीने फोन लावला.

मी टेसाला पत्र लिहिलं. चूक माझी, तुझ्या आजीची नव्हे, त्यांना वाचता येत नाही, हे तीन वेळा लिहिलं. दीड महिन्याने दोन ओळींचं उत्तर आलं. “माझ्या आईलाही नेहमी दुसऱ्या कुणीतरी येऊनच समजावलं. कृपया पुन्हा लिहू नका.”

ते उत्तर मी एलिनॉरबाईंना वाचून दाखवलं. एक शब्दही गाळला नाही.

त्याच आठवड्यात ओवी कपाटातून आमचा कुलवृत्तांत काढून बसली. मराठी तिला आता वाचता येत होतं, मीच शिकवलं होतं. बोट ठेवत ठेवत ती स्नेहलच्या नावापर्यंत आली.

“आजोबा, व्हेअर अ‍ॅम आय?”

“तू बाबांकडच्या पुस्तकात.”

“बाबांकडे पुस्तक आहे?”

नव्हतं. रणजितच्या घराण्याने असलं काही कधी केलंच नव्हतं.

“हू मेड द लाइन?”

मुलांना खोटं उत्तर द्यायचं नाही, हा नियम मी चाळीस वर्षं पाळला. “मी,” म्हणालो. ती रडली नाही. तिने पुस्तक मिटून जागेवर ठेवलं आणि त्या दिवशी पाटी घेऊन पायरीवर आली नाही.

मे महिना आला. एलिनॉरबाईंनी तिकिटं रद्द केली नव्हती. एकटीने जायची त्यांची ताकद नव्हती. मी सोबत येऊ का, विचारलं, तर म्हणाल्या, “ती जागा तुमची नाही, मास्टर.” रागाने नाही, नुसतं सांगितलं.

विमान सुटायचं त्या दुपारी मी आणि ओवी त्यांच्याकडे गेलो. मी कागद पुन्हा नव्याने लिहिला होता. त्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. “वाचा,” म्हणाल्या.

मी विणकरापासून सुरुवात केली. प्रत्येक नावाला त्या मान लववत होत्या. भावाच्या नावाला थोडं हसल्या. स्वतःच्या नावाला टेबल धरून उठल्या आणि बसल्या. रूथच्या नावाला त्यांची मान बराच वेळ वर आली नाही. मी थांबलो.

“वाचा.”

“टेसा.”

बाहेर कुणीतरी गवत कापायचं यंत्र चालवत होतं. शेजारच्या खुर्चीचा पाय सरकल्याचा आवाज आला. ओवी उठत होती. तिला त्या म्हातारीसाठी काहीतरी करायचं होतं.

“नको, बाळ,” एलिनॉरबाई म्हणाल्या. “बस. ते तिचं आहे.”

ओवी बसली. पुढचं नाव वाचावं म्हणून मी कागदाकडे पाहिलं. पुढे नाव नव्हतं.