साखरासुर आणि रिकामं पोट

नरडाण्याच्या स्टेशनमागे पत्र्याच्या शेडमध्ये त्या शनिवारी दोन-अडीचशे माणसं उभी होती, आणि त्यातली निम्मी डोलत होती. जो जास्त डोलेल तो जास्त भाग्यवान, असा तिथला कायदा. मध्येच कुणी मटकन खाली बसलं, की व्यासपीठावरून मधुहारी महाराज माइकमध्ये गरजत, "सुटला, साखरासुर सुटला!" शिष्य तांब्या घेऊन धावत, तीर्थ पाजत, आणि पंधरा मिनिटांत पडलेला माणूस टवटवीत होऊन उठून बसे. मग शंख, टाळ्या आणि जयजयकार.

या गर्दीत सुलक्षणाबाई तोंडावर पदर धरून हसू दाबत उभ्या होत्या. हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवून त्या निवृत्त झालेल्या. स्वतःला बारा वर्षांचा मधुमेह, त्यामुळे साखर मोजायचं यंत्र कायम पर्समध्ये. शेजारच्या राजकुंवरभाभींनी गळ घातली म्हणून त्या आल्या होत्या. भाभींचे यजमान सोहनलालशेठ, धान्याचे व्यापारी आणि जुने मधुमेही, महिनाभर सकाळी पलंगावरून उठताना गरगरत होते. एकदा तर न्हाणीत पडून कपाळाला चार टाके पडले. पण दवाखान्याचं नाव काढलं की शेठ म्हणत, डॉक्टर जिलेबी बंद करतो, महाराज करत नाहीत.

मधुमेह म्हणजे अंगात शिरलेला साखरासुर, असं महाराज सांगत, आणि त्याला घालवायचा त्यांचा नियम सोपा होता. पाच शनिवार यायचं. पहाटेपासून अन्नाचा कण पोटात जाऊ द्यायचा नाही, नेहमीची गोळी मात्र घ्यायचीच. "आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही," ते सांगत. "गोळी असुराला जखमी करते, आम्ही हाकलतो." हे ऐकून सुलक्षणाबाईंनाही आधी बरंच वाटलं. गोळ्या उकिरड्यावर टाकायला लावणारे बुवा त्यांनी पाहिले होते. हा निदान जरा शिकलेला दिसतो, असं त्यांच्या मनात आलं.

अकराच्या सुमारास शेठचे हात थरथरू लागले. सदरा घामानं भिजला. भाभींना 'पोत्यांना पाणी पाजलं का' असं काहीतरी विचारून ते खाली बसले. महाराज गरजले. बाईंना मात्र तो घाम ओळखीचा होता. एकदा गोळी घेतल्यावर त्यांचं स्वतःचं जेवण लांबलं, तेव्हा त्याही अशाच बरळल्या होत्या. त्यांनी झटकन शेठचं बोट टोचलं. यंत्रावर आकडा आला बावन्न, सत्तरच्या खाली म्हणजे धोकाच. तोवर शिष्यानं तीर्थ पाजलंच. बाईंनी बोटानं ते चाखून पाहिलं. निव्वळ गुळाचं पाणी. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, तर सत्त्याण्णव.

"असुर गेला म्हणतात, मग साखर वाढली कशी, भाभी?" बाईंनी विचारलं. भाभींनी यंत्र हातात घेऊन आकडा पुन्हा वाचला. शेठ मात्र महाराजांच्या पायाशी पोचले होते.

इथवर गंमत होती. तेवढ्यात बाजूला लताबाई खाली बसल्या. साठीच्या, जवळच्या खेड्यातून पायी आलेल्या. घाम नाही, थरथर नाही, ओठ मात्र सुकून गेलेले. महाराजांनी एकाच आरोळीत त्यांचाही असुर सोडवला आणि शिष्य तांब्या वाकवू लागला. सुलक्षणाबाईंनी तांब्यावर हात ठेवला आणि गोळी घेतली होती का, ते विचारलं.

"गोया सरी गयात, चार दिन व्हयनात," लताबाई कशाबशा बोलल्या. "तीस लय लागस, माय. डोकं गरगर फिरस."

गोळ्या संपून चार दिवस, वर न भागणारी तहान. बाईंनी बोट टोचलं, तर यंत्रावर चारशे अडतीस आले.

"तीर्थ अडवू नका," शिष्य म्हणाला. "पाप लागेल."

"पाप मला लागेल," बाई म्हणाल्या, "पण तुमचा गूळ हिला लागेल."

भाभींनी साधं पाणी आणलं. लताबाई घोट घोट प्यायल्या. मग भाभींनी शेठना महाराजांच्या पायाशी बसलेलं उठवलं आणि त्यांच्याच गाडीतून लताबाईंना धुळ्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की साखर एवढी चढली की लघवीवाटे अंगातलं पाणी जातं आणि माणूस चक्कर येऊन पडतो. वर गूळ पाजला असता तर प्रकरण हाताबाहेर गेलं असतं. लताबाईंना तीन दिवस सलाइन आणि इन्सुलिन लागलं.

आलोच आहोत म्हणून भाभींनी शेठनाही पुढे ढकललं. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा रक्तदाब आधी आडवं झोपवून मोजला, मग उभं करून. उभं राहताच तो घसरला. जुन्या मधुमेहानं नसा ढिल्या पडलेल्या, त्यात दाबाच्या गोळीचा डोस जास्त. सकाळची गरगर त्याची होती. शनिवारची चक्कर तेवढी महाराजांनी वरून दिलेली. डॉक्टरीणबाईंनी डोस बदलला आणि शेठची सकाळ हळूहळू स्थिर झाली.

पुढच्या आठवड्यात सुलक्षणाबाई आणि भाभी घरोघर फिरल्या. महाराजांकडे जाऊ नका, असं त्यांनी एकालाही सांगितलं नाही. गोळी घ्या, आणि भाकरी खाऊन जा, एवढंच सांगितलं.

शनिवारी शेड पुन्हा भरली. अकरा वाजले, बारा वाजले. कुणी डोलेना. महाराज तीनदा गरजले, पण सुटायला असुरच तयार नव्हता. मागून एक दणदणीत ढेकर तेवढा ऐकू आला. महाराज घाम पुसत म्हणाले, "कुणीतरी खाऊन आलंय. मर्यादा मोडली आहे."

"सगळेच खाऊन आलेत, महाराज," सुलक्षणाबाई म्हणाल्या आणि गर्दीकडे वळल्या. गोळी साखर उतरवते. पोट रिकामं असलं की ती फार उतरते, मग घाम, थरथर, चक्कर. गुळाचं पाणी दिलं की चढते. चक्कर यांनीच आणली आणि यांनीच घालवली, असं त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. शिष्य एव्हाना माइकची वायर गुंडाळू लागले होते.

लताबाई पुढे बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, बसल्या जागीच बोलल्या. "माले पानी जोयजे व्हतं, आनि हाऊ माले गूळ पाजी ऱ्हायंता."  पुढच्या शनिवारी महाराज आले नाहीत.

मधुमेहाच्या माणसाला चक्कर साखर उतरली तरी येते, चढली तरी येते, उठताना दाब घसरला तरी येते, कधी कानातल्या बिघाडानंही येते. वरून सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून आधी त्याला बसवा आणि साखर मोजा. यंत्र नसेल, गोळी किंवा इन्सुलिन घेऊन माणूस उपाशी असेल आणि शुद्धीवर असेल, तर साखर द्या. बोलणं अडखळलं, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली, तर थेट दवाखाना गाठा. आणि उपाय सांगणारा कुणीही असो, भगवा असो की पांढऱ्या कोटातला, त्याला एकदा तरी विचारा, की हे कशानं होतं?